तरुण मुलांच्या मानसिक आजारावरचे उपचार सुधारायला काय बदलायला हवं? त्यात घरच्यांना किती स्थान असावं?

मी डॉक्टर नाही. माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा असताना आजारी पडला, आणि गेली सात वर्षं आई नि मी त्याच्याबरोबर तपासणीच्या खोलीबाहेर बसतोय. तेवढ्यावरून लिहिते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. आईची एक वही होती. तो किती वाजता झोपला, कधी उठला, जेवला का, मित्राचा फोन घेतला का, सगळं तारीखवार. पहिले चार महिने ती वही तिच्या मांडीवरच राहिली, कुणी मागितलीच नाही. मग एका नर्सताईंनी सहज चाळली आणि उठून थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्याची झोप दोन तासांवर आली होती आणि बोलणं थांबत नव्हतं. आम्हाला वाटत होतं, पोरगा सुधारतोय! त्याला बायपोलर आजार होता, म्हणजे मन कधी खोल नैराश्यात जातं, तर कधी उन्मादात, म्हणजे झोप नको वाटणाऱ्या अति उत्साहात. अशा रुग्णाला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर मन उन्मादाकडे झुकू शकतं. निदानाची खूण चार महिने आईच्या मांडीवर होती.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते, असं आम्हाला दर वेळी सांगितलं जायचं. ते योग्यच आहे. काही मुलांना तर त्रास घरातूनच होत असतो, त्यांना एकट्याने बोलता आलंच पाहिजे. पण त्याचं आम्हाला काही सांगू नका म्हटलं, तरी आमचं ऐकून घ्यायला कुठला नियम आडवा येतो? पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी मुलाला विचारावं: घरातल्या कुणाला काय सांगितलेलं चालेल? माझ्या भावाला हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो पटकन म्हणाला, "ताईला सगळं सांगा, आईला फक्त औषधांचं."

दुसरा बदल वयाच्या रेषेचा. तो १८ चा झाला आणि त्याच आठवड्यात त्याला मोठ्यांच्या विभागात पाठवलं. नवे डॉक्टर, नवी फाइल, सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून. तो कंटाळून तीन महिने गेलाच नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीनुसार, आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांचा आजार १४ वर्षांपर्यंत सुरू होतो आणि तीन चतुर्थांशांचा २४ पर्यंत. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तिथेच आपण दार बदलतो. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेली 'हेडस्पेस' केंद्रं १२ ते २५ वयासाठी आहेत. तिथे मनाच्या त्रासाबरोबर शारीरिक तक्रारी, व्यसन, शिक्षण आणि नोकरी यांसाठीही मदत मिळते, घरच्यांनाही आधार दिला जातो. मला ही रचना फार पटते, कारण माझ्या भावाने 'मन ठीक नाही' असं कधीच म्हटलं नसतं. 'झोप येत नाही' एवढं मात्र म्हटलं असतं.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराला सांगितलीच पाहिजे. २५ च्या आतल्या काही रुग्णांमध्ये नैराश्याच्या गोळ्या सुरू करताना किंवा मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तरी त्या भीतीने गोळ्या टाळू नयेत आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. पण पहिल्या काही आठवड्यांत भेटी लवकर लवकर हव्यात आणि घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचं ते लिहून मिळायला हवं. शंका आली तर मुलाला सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशकं त्याच्या हाती लागणार नाहीत अशी हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर आजच एक वही करा. आमच्याकडे आता ती भाऊच लिहितो. पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात आहे: "सलग दोन रात्री झोपलो नाही, तर मी नको म्हटलं तरी डॉक्टरांना फोन करा." खाली त्याची सही आहे, आईची आणि माझीही.