सी-शार्पमध्ये ऑर्डर न्यू केली, तरी आतल्या लिस्टमध्ये आयटम टाकताना नल रेफरन्स का येतो? आतलं सगळं न्यू कुठे करायचं?

ऑर्डर न्यू केली की फक्त ऑर्डर तयार होते. आतली लिस्ट, आतला कस्टमर नलच, म्हणजे कुठल्याच ऑब्जेक्टकडे बोट न दाखवणारे, राहतात. लिस्ट जिथे डिक्लेअर केलीत तिथल्या तिथे न्यू करा आणि सेटर (बाहेरून दुसरी लिस्ट किंवा नल भरायची वाट) काढून टाका.

हे मी एका लीडसाहेबांना सांगून थकलो होतो. त्यांचा फतवा होता की कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट न्यू होताना चालणारा कोड) कोरा ठेवायचा, लागेल तिथे न्यू करायचं, उगाच मेमरी खायची नाही. रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं, लिस्ट कधीच नल नसावी. "पुस्तकी बोलू नकोस." झालं, बिलिंगच्या कोडमध्ये जिकडेतिकडे 'इफ आयटेम्स नॉट नल'. एवढं करूनही ऐन मार्चअखेरीस एका व्यापाऱ्याचा बिलांचा गठ्ठा छापताना अडकला. एका बिलात माल नव्हता, नुसतं गाडीभाडं. माल नाही म्हणून लिस्ट कोणी न्यू केलीच नव्हती, लिस्टवर फिरणारा फोरईच लूप तिथेच आपटला आणि मागची सगळी बिलं लटकली. लॉगमध्ये तेच ते वाक्य: 'ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट'. कुठला ऑब्जेक्ट, ते आपण शोधायचं. लिस्ट रिकामी असती तर लूप एकदाही न फिरता गपगुमान पुढे सरकला असता.

राहिली मेमरी. डॉटनेटमध्ये नवी रिकामी लिस्ट स्वतःचा ॲरे बनवतच नाही. त्या प्रकारच्या सगळ्या रिकाम्या लिस्ट एकच रिकामा ॲरे वाटून घेतात. पहिला ॲड झाला की मग 4 जागांचा ॲरे येतो. साहेब, वाचताय ना?

तुमचं बहुधा इथे अडलंय: ऑब्जेक्ट इनिशियलायझरमध्ये 'आयटेम्स =' नंतर न्यू न लिहिता थेट महिरपी कंस उघडला, तर कंपायलर एरर देत नाही. पण नवी लिस्ट बनत नाही, आहे त्या लिस्टवर ॲड होतं. ती नल असली की संपलं.

हां, हे सगळं लिस्टपुरतं. कस्टमर असा सरसकट न्यू करून ठेवू नका. एंटिटी फ्रेमवर्क (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये सेव्ह करणारी लायब्ररी) वापरत असाल तर ऑर्डर सेव्ह करताना तो कोरा कस्टमरही टेबलात जाऊन बसायला बघतो. आणि ऑर्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कस्टमर, कस्टमरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ऑर्डर असं केलंत तर दोघं एकमेकांना न्यू करतच राहतात आणि स्टॅक ओव्हरफ्लो ठरलेला. कस्टमरशिवाय ऑर्डर होतच नसेल तर तो कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमध्येच मागून घ्या.