‘अ‍ॅक्सिडिया’ म्हणजे आळस नव्हे

प्रश्न असा : डच चित्रकार हिरोनिमस बॉशच्या नावावरचे, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले चित्र मराठीत ‘सात महापातके’ म्हणून ओळखले जाते. त्यात शेकोटीपाशी झोपलेला माणूस म्हणजे आळस. पण आळस हे महापातक कसे?

नाहीच मुळी. आपल्याकडची महापातके पाच : ब्रह्महत्या, सुरापान, चोरी, गुरुपत्नीगमन आणि असे करणाऱ्यांचा संसर्ग. ही कृत्ये झाली. चित्रातल्या सात आहेत त्या वृत्ती. ‘षड्रिपू अधिक एक’ हे समीकरणही आता पुरे. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर जुळतात. मोह आपल्याकडे उरतो, खादाडपणा आणि हा झोपलेला गृहस्थ तिकडे.

चित्रात त्याच्यापाशी ‘अ‍ॅक्सिडिया’ असे लिहिले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अकेदिआ’. ‘केदॉस’ म्हणजे काळजी, आणि मृतासाठीचा शोक व अंत्यविधीसुद्धा. आधीचा ‘अ’ आपल्या नकारार्थी ‘अ’चा सख्खा भाऊ. इलियड या ग्रीक महाकाव्याच्या चोविसाव्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम म्हणतो की त्याचा मारला गेलेला मुलगा हेक्टर शत्रू अकिलीसच्या तळावर ‘अकेदेस’ पडला आहे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : बेवारस!

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिअस या ख्रिस्ती साधूने ‘अकेदिआ’ हे साधूच्या मनाच्या विकाराचे नाव म्हणून वापरले. हा विकार सकाळी दहाच्या सुमारास गाठतो आणि दोनपर्यंत सोडत नाही. सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, नजर सारखी खिडकीकडे जाते, कोठडी सोडून पळावेसे वाटते. यात आळस कुठे आला? हा माणूस तळमळतो आहे. त्याने बेवारस टाकला आहे तो स्वतःचा आत्मा.

आता चित्र नीट पाहा. उशीवर डोके टेकून माणूस पेंगतो आहे आणि समोर नन उभी आहे, हातात जपमाळ आणि प्रार्थनेचे पुस्तक घेऊन. खोळंबली आहे ती प्रार्थना, शेतीभाती नव्हे. ‘आळस’ लिहून मोकळे होणारे कोशकार त्या पुस्तकाकडे बघतच नाहीत. कुत्रा दिसला की ‘निष्ठेचे प्रतीक’ म्हणणारे समीक्षकही तसेच : याच चित्रात मत्सराच्या दृश्यात कुत्री आहेत ती हाडापायी, ‘दोन कुत्री, एक हाड’ या फ्लेमिश म्हणीसाठी.

अकेदिआला ‘अनास्था’ म्हणा. घडणही तीच, नकार अधिक आस्था. ‘आळस’ राखून ठेवा फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेलच्या 1558 च्या छापचित्रासाठी. तिथे गोगलगायी आहेत, झोपलेले गाढव आहे आणि शीर्षक आहे ‘देसिदिया’, म्हणजे नुसते बसून राहणे.