वह्या बदला, मग बोलू

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रायटिंगमधला दुसरा टास्क म्हणजे ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द, हे तुला ठाऊक आहेच. पण म्हणून रोज नवा निबंध पाडू नकोस. आठवड्याला दोनच लिही आणि सोबत तयारी करणाऱ्या कुणाशी तरी वह्या बदल. 'कसा वाटला?' विचारलंस तर 'मस्त' एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा त्याला प्रत्येक परिच्छेदातला मुद्दा एका ओळीत, मराठीत सांगायला लाव. तो अडखळला की समजायचं, गोंधळ आपल्या लिखाणात आहे. स्पेलिंग नंतर बघता येतं.

खरा फायदा मात्र त्याची वही तपासताना होतो, कारण तिथे आपल्याच चुका दिसतात. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' नाहीत, म्हणून आपण ती हमखास गाळतो. 'विषयी चर्चा' डोक्यात असते, म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो. (मी हे दोन वर्षं बिनधास्त लिहीत होतो!)

वहीच्या शेवटच्या पानावर अशा चुका टिपून ठेव. आणि तपासलेला निबंध दोन दिवसांनी, खुणा न बघता, पुन्हा लिही. कंटाळवाणं आहे, मान्य.