तिकीट घेण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद.

साहेब नगरपालिकेचं तिकीट द्यायला तयार आहेत आणि बदल्यात काहीच मागत नाहीत, असं तू लिहिलंस. ते काहीच मागत नाहीत, याचीच मला काळजी वाटते. म्हणून तुला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरपदाची १९१० सालची निवडणूक सांगतो.

वुड्रो विल्सन तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची सूत्रं माजी सिनेटर जेम्स स्मिथ यांच्या हातात होती आणि त्यांना स्वच्छ प्रतिमेचा माणूस हवा होता. ट्रेंटन शहरात भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात विल्सनना उमेदवारी मिळाली ती स्मिथ यांच्याच जोरावर. मी कुणालाही वचन दिलेलं नाही, असं विल्सननी तिथे जाहीर केलं. पण असं तर कुणीही म्हणू शकतो, आणि लोकांना तीच शंका होती.

ती शंका जॉर्ज रेकॉर्ड यांनी कागदावर आणली. हे जर्सी सिटीचे वकील, विरोधी रिपब्लिकन पक्षातले सुधारणावादी. त्यांनी विल्सनना पत्रातून १९ प्रश्न विचारले. वीज, गॅस, ट्रामच्या कंपन्यांचे दर ठरवायचा अधिकार सरकारी आयोगाला द्याल का? उमेदवार थेट मतदारांनी निवडावेत, हे मान्य आहे का? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न: राज्यात बॉसशाही, म्हणजे पडद्यामागून पक्ष चालवणाऱ्या पुढाऱ्यांची सत्ता, आहे का, आणि तुमच्याच पक्षाचे स्मिथ तिच्यात आहेत का? विल्सननी एकही प्रश्न टाळला नाही. बॉसशाही आहे, दोन्ही पक्षांत आहे आणि तिच्याशी मी लढेन, असं त्यांनी लेखी कळवलं. मतदानाला दोन आठवडे असताना ते उत्तर वर्तमानपत्रांत आलं. नोव्हेंबरात विल्सन सुमारे ४९ हजार मतांनी जिंकले.

खरी वसुली नंतर सुरू झाली. अमेरिकेच्या केंद्रीय सिनेटवरचा राज्याचा सदस्य, म्हणजे सिनेटर, तेव्हा राज्याचं विधिमंडळ निवडत असे, आणि स्मिथना ती जागा परत हवी होती. मतदारांनी मात्र पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत जेम्स मार्टिन यांना कौल दिला होता. तो कौल बंधनकारक नव्हता, मार्टिनबद्दल विल्सनना फारसा आदरही नव्हता. तरी ते स्मिथविरुद्ध उभे राहिले, जाहीर सभांमधून बोलले आणि जानेवारी १९११ मध्ये मार्टिन निवडून आले. त्याच वर्षी निवडणूक सुधारणेचा कायदा झाला, कामगार नुकसानभरपाईचाही झाला.

विल्सनना देवमाणूस समजू नकोस. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्याच कारकिर्दीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांमध्ये काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवलं गेलं, आणि त्यांनी त्याचं समर्थन केलं. मला इथे महत्त्वाचा वाटतो तो छापलेला कागद. स्मिथ पुढे आले तेव्हा विल्सन काय म्हणाले होते, हे राज्यभर लोकांना माहीत होतं. त्यांना मागे फिरणं अवघड होतं आणि स्मिथना त्यांना मागे ओढणं त्याहून अवघड.

तुझ्या गावाला जॉर्ज रेकॉर्डसारखा प्रश्न विचारणारा मिळेलच असं नाही, तेव्हा प्रश्न तूच लिही. कचऱ्याचं टेंडर कोणाला जातं, टँकर कोणाचे आहेत, बांधकाम परवाने कोणाच्या फोनवर सुटतात, आणि यातलं साहेबांशी निगडित काय आहे? प्रत्येकाखाली तू काय करशील ते तुझ्या सहीने लिही. तो कागद आधी साहेबांना दाखव. नंतर गावातल्या साप्ताहिकात छापून आण, तोही अर्ज भरण्याआधी. साहेबांनी छापू नको म्हटलं, तर तिकीट घेऊ नकोस.

मसुदा रविवारपर्यंत पाठव. मी वाचून कळवतो.

तुझे सर