न्याय मागणारे कोण?

ख्रिस्तात प्रिय मुला,

सप्रेम सलाम. बायबलातले शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, वाचायला घेतल्यापासून झोप लागत नाही, आणि तरुण संघातल्या कोणीतरी त्यातल्या गुंडाळीवरच्या सात शिक्क्यांपुढे युद्धे, साथी आणि भूकंप मांडून तक्ताच करून दाखवला, असे तू लिहितोस. तो तक्ता तूर्त मिटून ठेव. त्या शेवटच्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, हे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात प्रभूने स्वतः सांगितले आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर भिंतीवर उरलेली चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती, आणि तिच्याकडे बोट दाखवून एका उपदेशकांनी आम्हा मुलांना सांगितले की हा पुण्याच्या पापांचा न्याय आहे. पाणी शिरले ते नदीकाठच्या पेठांत. उंचावर राहणारे काही अधिक पुण्यवान नव्हते, हे त्या वयातही मला खटकले. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असे विचारून प्रभूने 'नाही' म्हटले आणि पश्चात्तापाचा प्रश्न ऐकणाऱ्यांकडेच वळवला, हे लूकच्या तेराव्या अध्यायात मला फार उशिरा सापडले.

आता प्रकटीकरणाचा पाचवा आणि सहावा अध्याय सलग वाच. हे दर्शन पाहणारा योहान यहूदा वंशाच्या सिंहाविषयी ऐकतो, पण पाहतो तर तेथे वधलेला जणू असा कोकरा, म्हणजे ख्रिस्त, उभा आहे. शिक्के फोडतो तो हाच, म्हणजे न्याय ज्याच्या हाती आहे त्याच्या अंगावर स्वतःच्या जखमा आहेत. पाचवा शिक्का फुटल्यावर वेदीखालचे, देवाच्या वचनासाठी वधलेल्यांचे आत्मे 'किती वेळ?' असा आक्रोश करतात. आपल्या मराठीत न्याय 'होतो' तसाच 'मिळतो'ही, आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी विधवा दुसऱ्याच अर्थाने तो मागते. तू मात्र आतापर्यंत केवळ आरोपीच्या पिंजऱ्यातून हे पुस्तक वाचत आला आहेस. शिक्क्यांनंतर सात कर्णे वाजतात तेव्हा पहिल्या चार अरिष्टांचा घाव एक तृतीयांशावरच थांबतो आणि नवव्या अध्यायाच्या शेवटी उरलेल्यांनी पश्चात्ताप केला नाही अशी खंत येते, तेव्हा परतण्याची वाट तोवर उघडी होती असे मी समजतो.

आणि हो, शिक्क्यांच्या आधी सात मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, पत्रे आहेत, त्यांतल्या पाचांना कानउघाडणी आहे. त्यांपैकी लावदिकीयाच्या मंडळीचे कोमटपण वाचताना मला आपलीच रविवारची उपासना आठवते, ते असो.

येत्या रविवारी उपासनेनंतर कँपातल्या घरी ये. अठराव्या अध्यायातली बाबेल नगरीच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आपण मोठ्याने वाचू: सोने, मोती, दालचिनी, तेल, गहू, गुरे, रथ असे करत ती शेवटी माणसांच्या जिवांवर येऊन थांबते.

तुझा,
काका