मुलं बालगृहात, आदेश विरोधात: अपील कुठे करायचं?

प्रश्न : बहीण रात्रपाळीला सफाईकाम करते. तिची 5 आणि 3 वर्षांची मुलं घरात एकटी सापडली म्हणून बालगृहात ठेवली. आता बाल कल्याण समितीने ती ‘परित्यक्त’ (पालकांनी सोडून दिलेली) ठरवून दत्तकासाठी मुक्त केली आहेत. आदेशाला 19 दिवस झाले. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात अपील घेतलं नाही. – एक वाचक, गोवंडी

उत्तर : घेणारही नाहीत. बाल न्याय कायदा, 2015च्या कलम 101 प्रमाणे हे अपील बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयात चालतं. फोर्टला लावायचं की दिंडोशीला, हे फायलिंगच्या खिडकीवर आधी विचारा. मुदत 30 दिवसांची. आजच समितीकडे आदेशाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज द्या आणि पोच घ्या. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. तरीही उशीर झाला, तर विलंबमाफीचा अर्ज जोडा. त्यात नुसतं ‘माहीत नव्हतं’ लिहून भागत नाही. आजारपणाचे, कामाचे कागद लावा.

अपील केलं म्हणून दत्तकाची प्रक्रिया आपोआप थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या. बहुतेकांचं इथेच चुकतं, आणि मूल दत्तकपूर्व संगोपनाला दुसऱ्या घरी गेलं की सगळंच अवघड होतं.

मुद्दे काय घ्यायचे? ‘गरीब आहोत, दया करा’ याने अपील उभं राहत नाही. आई तारखांना हजर होती, बालगृहात भेटायला जात होती, तर मुलं परित्यक्त कशी? भेटीच्या नोंदवहीतल्या सह्या इथे सर्वांत मोलाच्या. सामाजिक तपासणी अहवाल (घरच्या परिस्थितीचा) आईला दाखवला का, तिचं म्हणणं ऐकलं का, देखरेखीखाली मुलं घरी पाठवण्याचा विचार झाला का, हे मांडा. दत्तकमुक्तीच्या निर्णयाला समितीचे किमान 3 सदस्य लागतात, सह्या मोजा. मग घरात काय बदललं ते: दिवसपाळीचं पत्र, अंगणवाडीतलं नाव, रात्री मुलांजवळ झोपणाऱ्या आजीचं प्रतिज्ञापत्र.

हे अपील फेटाळलं गेलं तर दुसरं अपील नाही. उच्च न्यायालयात कलम 102 खाली पुनरीक्षण, म्हणजे आदेश कायद्याला धरून आहे का याची तपासणी, एवढंच उरतं. वकिलाची फी भरू नका. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, फोन 15100.

प्रश्न : घरच्यांच्या दबावाखाली बाळ सोपवल्याच्या कागदावर समितीसमोर सही केली. 5 आठवडे झाले. बाळ परत हवं आहे. – एक वाचक, कुर्ला

उत्तर : अपिलाची वाट धरू नका. फेरविचाराला 2 महिने असतात आणि तुमचे अजून संपलेले नाहीत. त्याच समितीकडे लेखी अर्ज द्या, दबावाचा उल्लेख करा, पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर कागदोपत्री तुम्ही आलाच नव्हता.