सर्टिफाइड गाडीवर रिकॉल बाकी निघाला, आता काय करायचं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दीड महिन्यापूर्वी इथे न्यू जर्सीत डीलरकडून तीन वर्षं वापरलेली सर्टिफाइड प्री-ओन्ड, म्हणजे तपासून प्रमाणित केलेली जुनी गाडी घेतली. सोबत दीडशेच्या वर गोष्टी तपासल्याची यादी मिळाली. परवा सहज व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून बघितला, तर पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगचा रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष मान्य करून जाहीर केलेली फुकट दुरुस्ती, तुमच्या खरेदीच्या आधीपासून बाकी. डीलर म्हणतो, पार्ट आलेला नाही आणि आम्ही कायदा मोडलेला नाही. ही फसवणूक आहे का, गाडी परत करता येईल का, आणि तोवर चालवायची का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटचा प्रश्न मी आधी घेते. घरात लहान मुलं आहेत असंही तुम्ही लिहिलंय.

रिकॉलची नोंद उघडून दोष नेमका कशात आहे ते वाचा. 'एअरबॅग' एवढ्या शब्दावर थांबू नका. इन्फ्लेटरचा दोष असेल, म्हणजे पिशवी फुगवणारा धातूचा डबाच फुटू शकत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या सीटवर कोणीही बसायचं नाही. सीटखालच्या वजन ओळखणाऱ्या सेन्सरचा दोष असेल, तर मूल पुढे बसलेलं असताना बंद राहायला हवी ती एअरबॅग उघडण्याची भीती असते. मुलांनी तसंही मागेच बसायचं, पण आता 'पाचच मिनिटं पुढे बसू दे' हेसुद्धा नको. नोंदीत 'गाडी चालवू नका' असा स्पष्ट इशारा असेल तर ती आजच उभी करा आणि टो करून न्यायला सांगा. काही रिकॉलमध्ये 'गाडी घराबाहेर उभी करा' असा इशारा असतो, तो आगीच्या धोक्याचा. २०२१ मध्ये शेवरोले बोल्टच्या मालकांना बॅटरीमुळे तसं सांगितलं होतं. सगळे रिकॉल सारख्या वजनाचे नसतात, म्हणून मजकूर वाचायचा.

आता कायद्याचं. डीलर म्हणतो ते दुर्दैवाने खरं आहे. रिकॉल बाकी असलेली नवी गाडी दुरुस्त केल्याशिवाय विकायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. वापरलेल्या गाडीला ती बंदी लागू नाही. भाड्याच्या गाड्यांनाही पूर्वी नव्हती. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात रेशेल आणि जॅकलिन हाउक या दोन बहिणी भाड्याच्या गाडीला आग लागून झालेल्या अपघातात गेल्या. त्या गाडीवर रिकॉल निघालेला होता आणि दुरुस्ती न करताच ती त्यांच्या हातात दिली होती. त्यांच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१५ मध्ये त्यांच्या नावाचा कायदा झाला आणि ३५ किंवा त्याहून जास्त गाड्या बाळगणाऱ्या भाडे कंपन्यांवर बंधन आलं. म्हणजे आज तुमच्यासारखीच गाडी एखादी मोठी भाडे कंपनी तुम्हाला दोन दिवसांसाठीही देऊ शकत नाही, आणि डीलर मात्र कायमची विकू शकतो. मला हे अजून पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

पण विकणं कायदेशीर आहे म्हणून काहीही सांगून विकणं कायदेशीर होत नाही. तुमचा मुद्दा उभा राहिला तर इथेच. २०१६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या केंद्रीय संस्थेने, जनरल मोटर्स आणि लिथिया व जिम कून्स या डीलर कंपन्यांविरुद्ध याच कारणाने कारवाई केली. जनरल मोटर्सच्या जाहिरातीत १७२ मुद्द्यांची तपासणी, आणि काही गाड्यांवर इग्निशन स्विचसारखे रिकॉल बाकी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कारमॅक्ससह आणखी तीन कंपन्यांचा नंबर लागला. ग्राहक संघटनांना वाटत होतं की रिकॉल बाकी असलेल्या गाडीला 'सर्टिफाइड' म्हणायलाच बंदी येईल. तशी आली नाही. तडजोड अशी झाली की तपासणीची जाहिरात करायची असेल तर रिकॉल बाकी असू शकतो हे तिथेच स्पष्ट सांगायचं. हे आदेश त्या त्या कंपन्यांपुरते आहेत, पण वाऱ्याची दिशा त्यावरून कळते. म्हणून आज रात्रीच तुमच्या गाडीच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सेल्समनचे मेसेज आणि सह्या केलेले सगळे कागद एकत्र काढा. रिकॉलची सूचना एखाद्या कागदावर बारीक अक्षरात असेल आणि खाली तुमची सही असेल, तर तुमची बाजू कमकुवत पडते. कुठेच नसेल, किंवा 'रिकॉल पूर्ण' अशी खूण केलेली असेल, तर राज्याच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली बोलायला जागा आहे आणि वकिलाची एक भेट घेण्यासारखी आहे. गाडी परत घेण्याची मागणीही त्याच जोरावर करता येते. नुसता रिकॉल बाकी आहे एवढ्यावर डीलर गाडी परत घेत नाही.

तपासणीची ती यादी खरी असूनही तुम्ही का फसलात, ते मला स्वतःच्या अनुभवाने कळलंय. २०१७ च्या मार्चमध्ये आम्ही २०१२ सालची सर्टिफाइड गाडी घेतली. यादीत एअरबॅगसमोर निळ्या पेनाने ठसठशीत बरोबरची खूण होती. मे महिन्यात व्हीआयएन टाकला, तर प्रवाशाच्या बाजूचा ताकाता कंपनीचा सदोष इन्फ्लेटर बदलायचा बाकी. मी तो कागद घेऊन सर्व्हिसमध्ये गेले. तिथल्या मेकॅनिकने मला गाडीत बसवलं, चावी फिरवली आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल दिवा दाखवला. दिवा लागला, काही सेकंदांनी विझला. म्हणाला, "आम्ही एवढंच बघतो." दिवा विझला म्हणजे सिस्टिमला स्वतःत विद्युत बिघाड सापडला नाही. इन्फ्लेटरच्या आतल्या अमोनियम नायट्रेटची, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या स्फोटक रसायनाची, वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणाने काय अवस्था झालीय, हे कुठलाच दिवा सांगत नाही. यादीत २०० मुद्दे असले तरी तो दोष सापडला नसता. तो सापडतो फक्त १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन तपासून, त्याला एक मिनिट लागतं, आणि तेवढंच कोणी केलं नव्हतं.

आमची गाडी आधी फ्लोरिडात होती. दमट राज्यांतल्या गाड्यांचा नंबर ताकाताच्या रिकॉलमध्ये आधी लावला होता. त्यामुळे रिकॉल जानेवारीतच निघाला होता आणि त्याचं पत्र फ्लोरिडातल्या जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलं असणार. जूनमध्ये आई साताऱ्याहून आली. तिला गाडी लागते, त्यामुळे ती नेहमी पुढे बसते. त्या उन्हाळ्यात तिला प्रत्येक वेळी मागे बसवावं लागलं, तोंडात आवळासुपारी आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पुढची सीट रिकामी का ठेवतोय, हे मी तिला धड सांगितलं नाही, उगाच धसका घेतला असता. ताकाताच्या इन्फ्लेटरमुळे अमेरिकेत दोन डझनांहून जास्त माणसं गेली आहेत, त्यात साध्या, जीवघेण्या नसलेल्या टकरीतही धातूचे तुकडे लागून गेलेली माणसं आहेत. तिला मागे बसवताना माझ्या डोक्यात तेच असायचं.

पार्ट ऑक्टोबरमध्ये आला. तो लवकर मिळावा म्हणून मी खूप दारं ठोठावली, त्यातली जी उघडली ती सांगते.

विकणाऱ्या डीलरला चिकटून बसू नका. रिकॉलची दुरुस्ती त्या ब्रँडच्या कुठल्याही अधिकृत डीलरकडे फुकट होते, तुम्ही दुसरे मालक असलात तरी आणि वॉरंटी संपलेली असली तरी. तीस-चाळीस मैलांच्या टप्प्यातल्या सगळ्या सर्व्हिस सेंटरना फोन करा, एखाद्याकडे पार्ट पडलेला असतो. तुमची गाडी कंपनीने सर्टिफाय केली आहे की डीलरने स्वतःचं सर्टिफिकेट लावलंय, तेही बघा. दुसऱ्या ब्रँडच्या किंवा नुसत्या जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतली असेल, तर त्या दुकानाला ही दुरुस्ती करताच येत नाही आणि तिथे हेलपाटे घालून वेळच जाईल.

मग थेट गाडीच्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा. आधी स्वतःचं नाव-पत्ता मालक म्हणून नोंदवून घ्या, म्हणजे पुढची पत्रं तुम्हाला येतील. केस नंबर मागा. पार्ट येईपर्यंत दुसरी गाडी द्या असं स्पष्ट म्हणा. ही सोय सगळ्याच रिकॉलमध्ये नसते, पण असली तरी न मागता कोणी देत नाही. मला दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी आईचं वय आणि रिकामी सीट सांगितली, तेव्हा शेवटच्या तीन आठवड्यांसाठी गाडी मिळाली. प्रत्येक फोननंतर दोन ओळींची ईमेल टाका: आज अमुक वाजता बोललो, तुम्ही असं असं म्हणालात. डीलरकडूनही 'पार्ट उपलब्ध नाही' हे लेखी घ्या.

तरी महिनाभर हालचाल नसेल तर एनएचटीएसएच्या, म्हणजे वाहन सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या, वेबसाइटवर तक्रार नोंदवा. व्हीआयएन तपासायची सोयही तिथेच आहे. दुरुस्तीनंतर काही दिवसांनी परत तपासा, कारण झालेली दुरुस्ती नोंदवायची राहून गेल्याचं मी मैत्रिणीच्या गाडीबाबत पाहिलंय. मी अजूनही वर्षातून दोनदा, घड्याळं मागेपुढे करतो त्या रविवारी, घरच्या दोन्ही गाड्या तपासते.

हे वाचणाऱ्या, अजून गाडी न घेतलेल्या लोकांसाठी: डीलरकडच्या जुन्या गाडीच्या काचेवर 'बायर्स गाइड' नावाचा कागद लावलेला असतो. त्यावर व्हीआयएन असतो आणि रिकॉल तपासा असंही छापलेलं असतं. लॉटमध्ये उभं राहून फोनवर तपासा. रिकॉल बाकी दिसला तर दुरुस्ती करून द्या, मग सही करतो, असं सांगा. सही होईपर्यंत डीलरला तुमची गरज असते.

तुमच्या नोंदीत रिकॉलचा नंबर आणि दोषाचं वर्णन असेल, ते इथे टाका. व्हीआयएन मात्र टाकू नका. इन्फ्लेटर आहे की सेन्सर, ते बघून कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मसुदा मी आज रात्री लिहून देते.